टाकी

किल्ली मोहर सिंगकडे,
आणि मोहर सिंग दळायला गेलेला.
शेडच्या कुलपाला हात लावून पाहिला,
उन्हाने चटका देत होतं.

एकतीस वर्षं सातवी ब-ला शिकवलं मी हे.
टीपा लिहा : शिलालेख. गुण चार.
विहिरी, रस्त्याकडेची झाडं,
माणसांना औषध आणि जनावरांनाही,
एवढं आलं की चारापैकी तीन.
चौथा गुण मी कुणालाच दिला नाही.
का, ते आता आठवत नाही.

पायवाट शेतांमधून उतरते, गुडघा कुरकुरतो.
खाली यमुना, अजून माहेरात असल्यासारखी,
मोठमोठ्याने बोलणारी.
तिच्यातूनच पाट काढून आणलाय
लाकडी पन्हळीतून, घराटापर्यंत.
घराट म्हणजे पाणचक्की.
पण आज पाणी वळवलेलं, चाक गप्प,
आणि आतून टक्, टक्, टक्.

रुमको देवी जात्याला टाकी लावत होती.
वरची तळी उताणी,
डोक्याचा ढाटू नाकापर्यंत ओढलेला,
भुवयांवर दगडाची भुकटी.
शेजारी पोत्याला टेकून मोहर सिंग.
पोत्यात मंडुवा.
मी मूठभर दाणे घेतले, ओळखले :
आपली नाचणीच की ही.

"बसा," तो म्हणाला. "दगड गुळगुळीत झाला
की दाणा नुसता फिरतो, फुटत नाही."
वर्षातून किती वेळा?
"पावसाआधी एकदा," ती मान वर न करता म्हणाली,
"आणि दिवाळीनंतर. आमची दिवाळी
महिनाभर उशिरा येते, बरं."
आणि झिजलेला दगड जातो कुठे?
आता मात्र तिने टाकी थांबवली.
"खाल्ला ना. सासूने खाल्ला, मी खाल्ला,
ह्याने तर सगळ्यात जास्त."

मी बसून राहिले.
आवाज टेकडीला लागून परत येत होता.
असंच कुणीतरी वर, त्या खडकापुढे, उकिडवं बसलं असेल,
भाकरी सावलीला ठेवून.
राजा फार दूर.
अंगठा मात्र इथेच ठणकत असणार.

पाचला पाणी सोडलं.
पहिलं पसाभर पीठ तिने नदीत टाकलं :
"त्यात खडे असतात. ते हिचं."
साडेपाचला विकासनगरची शेवटची बस.
आम्ही चढ चढलो, पोतं त्याच्या खांद्यावर,
धाप माझ्या.

कुलूप उघडलं.
आमच्याकडे म्हणतात, काळ्या दगडावरची रेघ.
इथे दगडच पांढरा,
आणि रेघ पांढऱ्यात पांढरी,
तिन्हीसांजेच्या उजेडात दिसेचना.
एका बाजूला हत्ती तेवढा सापडला, बारीक कोरलेला,
चालता चालता कुणी हाक मारल्यासारखा.
लिहिलेल्यातलं मला एक अक्षर लागेना.
मनातल्या मनात सातवी ब हसली.

पोतं उतरवताना मोहर सिंगचा तोल गेला,
पिठाने माखलेला पंजा थेट दगडावर.
"अरे राम!"
हात काढला त्याने, आणि तपकिरी डागात
दोन रेघा, माथ्याशी टेकलेल्या : ग.
घराटाच्या छपरासारखा ग.
पलीकडे बेरजेचं चिन्ह : क.
मी वाचलं. मोठ्याने. दोनच अक्षरं,
शब्द नव्हे, काहीच नव्हे.
तो दरवाज्यात उभा राहून ऐकत होता.
"रोज झाडतो मी इथे," म्हणाला,
"बोलतं, माहीत नव्हतं."

मग फडकं काढलं त्याने.
"पुसावं लागेल. मुंग्या येतात."
थांबा, मी म्हणाले. जरासं.
थांबला.
वळणावर बसचा हॉर्न वाजला,
तेव्हा त्याने हलकेच पुसलं, खालून वर,
आणि ग पुन्हा दगडात गेला.

खिडकीशी बसून रुमालाची गाठ सोडली.
निघताना रुमकोने बांधून दिलेलं, ओंजळभर.
चिमूटभर जिभेवर टाकलं.
अजून ऊन होतं पीठ.
दाताखाली कच आली.
थुंकले नाही.